स्क्रेपरचे चार तुकडे

सोमवारी सकाळी कामावर निघताना फोरमनने झोपायच्या खोलीच्या दारामागे हात घातला. हाताला छत्री लागली, जुनी चटई लागली, गेल्या वर्षीचं कॅलेंडर लागलं. पट्टी लागली नाही. त्याने दार पुढे ओढलं, मागे ढकललं, खाली वाकून पाहिलं. चार फूट लांबीची, अंगठ्याएवढी जाड, भडक नारिंगी पट्टी काही टाचणी नव्हे की फटीत जाऊन बसेल.

"अगं, इथली माझी पट्टी कुठाय?"

"न्हाणीघरात!" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, आणि तो चक्क आनंदी होता. "म्हटलं, कधी आपल्या तोंडानं सांगताय ते बघू. वर्षभर कानीकपाळी ओरडतेय, पाणी ओढायला एक धड रबर आणा म्हणून. आणलंत एकदाचं!"

फोरमन न्हाणीघरात गेला. कोपऱ्यात झाडूच्या जुन्या दांड्याला खिळे मारून बसवलेला, जेमतेम फूटभराचा नारिंगी तुकडा ऐटीत उभा होता.

"हा... एवढाच कसा?"

"मग? एवढी लांबलचक पट्टी या खुराड्यात फिरवायची कशी? खालच्या सुतारभावजींकडून काल कापून घेतली. मशीनवर सर्रकन चार तुकडे केले त्यांनी. भोकंही शाबूत ठेवली, खिळ्याला टांगता यावी म्हणून."

"आणि बाकीचे तीन?"

"एक भावजींनीच ठेवला. एक वरच्या बाईंना दिला, एक समोरच्या ड्रायव्हरला. शेजारधर्म नको का काही?"

फोरमन उपड्या बादलीवर मटकन बसला.

त्या पट्टीसाठी त्याने काय काय सोसलं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. फोरमन टाइल्सच्या कारखान्यात होता. खाणीतली ओली, चिकट माती एका लांब बेल्टवरून गिरणीपर्यंत यायची, आणि तो बेल्ट त्याच्या ताब्यात होता. माती पुढे पडली तरी तिचा एक थर बेल्टला चिकटून राहतो आणि परतीच्या वाटेवर खाली गळत जातो. तो थर तिथल्या तिथे खरवडून काढण्यासाठी बेल्टच्या तोंडाशी एक पट्टी दाबून बसवलेली असते. उलथन्याने तवा खरवडावा, तसंच ते काम. तिलाच स्क्रेपर म्हणायचं. कारखान्यातली पट्टी झिजून झिजून म्हाताऱ्याच्या हिरडीसारखी झाली होती. मॅनेजरने तिच्या जागी जुन्या टायरचा तुकडा तारेने बांधायला लावला होता आणि त्याला 'तात्पुरती व्यवस्था' असं नाव दिलं होतं. ती व्यवस्था दुसरा उन्हाळा पाहत होती.

परिणाम असा, की बेल्टखालच्या वाटेवर दिवसभर चिखलाची बरसात चाले आणि दोन माणसं कमरेतून वाकून तो फावड्याने ओढत बसत. त्यातला थोरला गेल्या महिन्यात घसरून पडला आणि मनगट मोडून घरी बसला. तेव्हापासून फोरमनच्या डोक्यात जी ठिणगी पडली होती, ती काही विझली नव्हती. मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन त्याने टेबल बडवलं होतं. "साहेब, माणसाचं हाड स्वस्त आणि रबर महाग, हा कुठला हिशेब?" असं विचारलं होतं. मॅनेजरने त्याला पाणी पाजून बाहेर पाठवलं होतं.

आणि मग मोठे साहेब पाहणीला येणार अशी वर्दी आली, तशी चक्रं फिरली. शनिवारी दुपारी नवीकोरी पट्टी स्टोअरमध्ये हजर. फोरमनला ती हातात घेऊन भरून आलं. पण स्टोअरमध्ये ठेवायची म्हणजे मांजराला दुधाची राखण. मागच्या खेपेला आलेली पट्टी गोदामवाल्यांनी परस्पर उचलून ट्रक मागे घेताना भिंतीला लागू नये म्हणून भिंतीवर ठोकली होती. म्हणून फोरमनने रीतसर परवानगी काढून ती घरी आणली, दारामागे ठेवली, आणि रविवारी दिवसभर बहिणीचं घरसामान हलवायला गेला. घरात तो बोलला एवढंच, जेवताना: "अशी वस्तू आणलीय म्हणून सांगू, एकदा ओढली की थेंब राहायचा नाही!"

दोष द्यायचा तर त्या वाक्याला द्यावा लागला असता. पण फोरमन दोष स्वतःला देणाऱ्यांतला नव्हता.

"अगं, कारखान्याचा बेल्ट पुसायची पट्टी ती! आज अकराला मोठे साहेब येतायत!"

बायकोचा आनंद मावळला, पण ती माघार घेणाऱ्यांतली नव्हती. "मला काय स्वप्न पडलं? आणि कापली का मी? कापली भावजींनी. त्यांना विचारा."

झाडूच्या दांड्यापासून तुकडा उपसून घेऊन फोरमन धाडधाड जिना उतरला. सुतार दुकान उघडून सरसाच्या डब्यावरचा वाळका सरस खरवडत होता, आणि कशाने, ते सांगायला नको.

"काय झक्कास चीज आहे हो दादा!" सुतार म्हणाला. "पटाशीला हार जात नाही. अजून मिळेल का?"

"दे इकडे! दुसऱ्याची वस्तू कापताना हात कसा धजावला तुझा?"

"माझा हात?" सुतार दुखावला गेला. "वहिनी म्हणाल्या काप, मी कापली. मी तर दोनदा विचारलं, दादांना माहीत आहे ना? त्या म्हणाल्या, त्यांनीच आणलीय. आता नवराबायकोच्या मध्ये पडू का मी?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच फोरमनला जास्त राग आला. दोन तुकडे काखेत मारून तो रस्त्यावर आला, तर समोरचा ड्रायव्हर शाळेची बस बाहेर काढत होता. बसची समोरची काच अशी लखलखत होती की ती आहे की नाही असा संशय यावा. फोरमन हात पसरून बससमोर उभा राहिला.

"भाऊ, बाजूला व्हा, पोरं खोळंबलीत!"

"माझी पट्टी टाक खाली, मग जा!"

"कुठली? ती काचेची?" ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मी मागितली नव्हती हां भाऊ. वहिनींनी दिली, वरच्या बाई म्हणाल्या, काचेला घेऊन बघ. मला काय, फुकट आली, घेतली. पण दिलेली वस्तू परत घेणं शोभतं का?"

"शोभत नाही! टाक!"

पट्टी खिडकीतून आली. ड्रायव्हरने त्यानंतर हॉर्न वाजवला तो नुसता वाट मागण्यासाठी नव्हता, एवढं फोरमनला कळलं.

राहता राहिल्या वरच्या बाई. बाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण ती गोष्ट शाळेला कळली होती, त्यांना नव्हती. फोरमनने दार वाजवलं तेव्हा त्या खिडकीची तावदानं पुसत होत्या. नारिंगी तुकडा त्यांच्या हातातच होता.

"हळू वाजवावं दार. आतली माणसं बहिरी नाहीत. काय काम आहे?"

"बाई, तो तुकडा परत हवाय."

"परत?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्या बायकोनं काल मला तो दिला. मी आभार मानले. व्यवहार संपला. आज तू मागतोस, उद्या ती मागेल. घरात एकवाक्यता नाही का?"

"अहो, ती वस्तू आमची नाही, कारखान्याची आहे!"

"मग कारखान्याची वस्तू घरी आणलीस का?"

खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं काहीतरी त्याच्या घशाशी आलं होतं, पण बाईंपुढे ते बाहेर पडायला तयार होईना. तो नुसता लालबुंद झाला. मग एकदम भडभडून बोलू लागला. बेल्टचं सांगितलं, टायरच्या तुकड्याचं सांगितलं, मॅनेजरच्या पाण्याच्या पेल्याचं सांगितलं.

"बाई, दोन माणसं दिवसभर वाकून चिखल ओढतात त्याखाली. वरून डोक्यावर पडतो, खाली पाय सरकतात. एकाचं मनगट मोडलं. डाव्या हातानं जेवतोय तो. मी पट्टी मागितली तर म्हणतात, बघू. आणि आता आली तर तिच्या तुम्ही सगळ्यांनी मिळून फोडी केल्या!"

बाईंनी तो तुकडा फडक्याने स्वच्छ पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"घे. पण फोडी केल्या त्यात माझा काही संबंध नाही, हे लक्षात ठेव. माझ्याकडे आला तेव्हा तो तुकडाच होता."

कारखान्यात फिटर वाट पाहत होता. फोरमनने पिशवीतून एकेक करून चार तुकडे काढून मांडले, तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"दादा, हे काय?"

"नवी पट्टी."

"शनिवारी अख्खी होती."

"शनिवार गेला! बोलत बसू नकोस, पाने आण!"

नशिबाने सुताराने प्रत्येक तुकड्यात दोन भोकं राखली होती. दोघांनी बेल्ट बंद केला, कुणी चुकून सुरू करू नये म्हणून स्विचला कुलूप घातलं, तारेने बांधलेला टायर उपटून फेकला आणि लोखंडी दांडीवर चार तुकडे शेजारी शेजारी बोल्ट मारून बसवले. सरळ ओळीत येईनात. एक पुढे, एक मागे, एक जरा तिरका. फिटर म्हणाला, "दातांचा डॉक्टर लागेल." फोरमनला हसू आलं नाही. शेवटी प्रत्येक तुकडा बेल्टला जिथे टेकेल तिथे टेकवून त्यांनी आवळून टाकला, बाजूचं हँडल फिरवून दांडीला ताण दिला, आणि कुलूप काढून बेल्ट सुरू केला.

फोरमनने डोळे मिटून घेतले होते. फिटरने त्याचा खांदा हलवला.

बेल्ट परत येत होता तो धुतल्यासारखा. झालं होतं असं, की इतक्या वर्षांत बेल्ट मधे झिजून खोलगट झाला होता, कडेला उंच राहिला होता. अख्खी पट्टी त्यावर टेकली असती ती दोन्ही कडांना, आणि मधली माती तशीच गेली असती. चार तुकडे मात्र आपापल्या जागी बेल्टला बिलगून बसले होते. फावडेवाला खाली उभा राहून वर बघत होता. डोक्यावर काही पडत नाही याची त्याला सवय नव्हती. त्याने हात पुढे करून पाहिला, मग फावडं भिंतीला टेकवून ठेवलं आणि कंबर सरळ केली. ते पाहून फोरमनचा सकाळपासूनचा राग जरा ओसरला. पण दिवस संपायला अजून अवकाश होता.

मोठे साहेब अकराच्या सुमाराला आले. पायात चकचकीत बूट, अंगात पांढराशुभ्र सदरा. मॅनेजर त्यांच्या डाव्या खांद्यामागे असा चालत होता की सावलीने त्याच्याकडून शिकावं. बेल्टखालच्या वाटेवर येऊन साहेब थांबले, वर पाहिलं, खाली पाहिलं.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "बाकीच्या कारखान्यांत इथून चालता येत नाही. हा तुकड्यातुकड्यांचा स्क्रेपर कुठून आणला?"

फोरमनने बोलायला तोंड उघडलं.

"इथंच बनवला, साहेब," मॅनेजर म्हणाला. "माझीच कल्पना. म्हटलं, एकसंध पट्टी बेल्टला नीट टेकत नाही, तेव्हा भाग पाडून बघू."

फोरमनने मॅनेजरकडे पाहिलं. या माणसाने मघाशी, साहेब यायच्या आधी, हे तुकडे पाहून "ही काय थट्टा मांडलीस!" असं विचारलं होतं. फिटरने फोरमनचा शर्ट मागून घट्ट धरून ठेवला.

"वा," साहेब म्हणाले. "आणि हा कुठला माल? भंगारातला?"

"हो, म्हणजे, आहे त्यातच भागवलं, साहेब."

"उत्तम! मग दर महिन्याला इथून नव्या स्क्रेपरची मागणी कशाला येते? सहा पट्ट्यांची मागणी माझ्या टेबलावर पडून आहे. इथं तर एक थेंब सांडत नाही. रद्द करून टाका ती. तुकड्यांवर चालतंय, तर स्क्रेपर हवाय कशाला?"

"बरोबर आहे, साहेब," मॅनेजर म्हणाला.

फिटरच्या मुठीतून शर्ट सुटला. पण सगळ्यांना वाटलं होतं तसा आरडाओरडा काही झाला नाही. फोरमन शांतपणे चार पावलं बाजूला गेला, बेल्टभोवतीच्या जाळीच्या बाहेर असलेलं ते ताणाचं हँडल त्याने दोन्ही हातांनी धरलं आणि उलटं फिरवायला सुरुवात केली.

"अरे, काय करतोयस?" मॅनेजर ओरडला.

"साहेबांचा हुकूम पाळतोय. स्क्रेपर नको म्हणाले ना? काढतोय."

दांडी बेल्टपासून सुटली. आधी काही झालं नाही. मग बेल्टला चिकटून आलेला पहिला थर साहेबांच्या डाव्या बुटावर थप्पकन पडला. दुसरा खांद्यावर. साहेब मागे सरले, तर मागे मॅनेजर उभा होता, म्हणून त्यांना पुढे यावं लागलं, आणि पुढे तर धारच लागली होती. टाइल्सची माती म्हणजे साधी माती नव्हे. ती लागली की माणसाशी नातं जोडते.

"लाव! लाव तो परत!" साहेब किंचाळले.

"नक्की ना, साहेब? की भागवायचं आहे त्यातच?"

"अरे लाव!"

फोरमनने हँडल सुलटं फिरवलं. बरसात थांबली. फावडेवाला पुढे झाला आणि त्याने अदबीने साहेबांच्या बुटाभोवतीचा चिखल ओढून दिला. साहेबांनी कोपरावरून ओघळणारी माती झटकून पाहिली.

"हे रोज पडायचं?"

"दिवसभर, साहेब. याच्या डोक्यावर." फोरमनने फावडेवाल्याकडे बोट केलं. "आणि याच्या जोडीचा घरी बसलाय, मनगट मोडून."

साहेबांनी मॅनेजरकडे पाहिलं. मग कुठे पुसू ते न कळून हात तसाच लांब धरून म्हणाले, "सहाच्या सहा पाठवतो. आणि त्या माणसाचा पगार चालू ठेवा. आधी मला पाणी दाखवा कुठंय ते."

संध्याकाळी फोरमन घरी आला तो छाती फुगवून. जिन्यात सुतार भेटला, ड्रायव्हर बस लावून आला, बाई कठड्याशी उभ्याच होत्या. बायको दारात आली. सकाळच्या प्रकाराने सगळेच जरा अंग चोरून होते. फोरमनने पायरीवर बसून सगळी हकिकत रंगवून सांगितली. साहेबांच्या बुटाशी आला तेव्हा सुतार हसून हसून जिन्याला टेकला. सहा पट्ट्या येणार म्हटल्यावर बाईसुद्धा "योग्य झालं" म्हणाल्या.

"तेवढं एक राहिलं," फोरमन म्हणाला. "तुकड्यांचं श्रेय मॅनेजरनं खाल्लं. म्हणे, माझीच कल्पना."

"काय?" बायकोने कमरेवर हात ठेवले. "त्यांची कल्पना? कापून घ्यायची कल्पना माझी होती!"

"वहिनी, कल्पना तुमची, पण चार समान भाग कुणी पाडले?" सुतार ताठ झाला. "भोकं कुणी राखली? दुसरा असता तर भोकांवरूनच करवत फिरवली असती!"

"काचेवर चालवून बघितली कोणी आधी?" ड्रायव्हर म्हणाला. "चाचणी माझ्या बसवर झाली. जबाबदारी होती ती."

"काचेला घेऊन बघ, हे तुला सांगितलं कोणी?" बाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं उत्तर आपल्या नावावर खपवणाऱ्यांना मी बाकावर उभं केलंय. वय बघितलं नाही."

"सकाळी तर कापण्याशी कुणाचाच संबंध नव्हता," फोरमन म्हणाला, पण ते कुणी ऐकलं नाही. बायकोने पायात चपला सरकवल्या होत्या. बाई चष्म्याची दोरी गळ्यात अडकवत होत्या. सुताराने दुकानाची फळी ओढली.

"अगं, कुठे निघालात? बाई, अहो, जाऊ द्या हो! पट्ट्या मिळाल्या ना? माणसं सुटली ना वाकण्यातून? एवढ्या तेवढ्यावरून डोक्यात राख घालून घ्यायची नसते!" फोरमन त्यांच्यामागून दोन दोन पायऱ्या उतरत म्हणाला. हे शब्द आपल्याच तोंडून बाहेर पडतायत यावर त्याचा विश्वास बसेना.

"तुमच्यासारखी माणसं गप्प बसतात, म्हणून अशांचं फावतं!" बायको म्हणाली आणि शाळेच्या बसमध्ये चढली.

तिच्यामागून बाई चढल्या, सुतार चढला. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. फोरमन दाराशी दांडा धरून उभा राहिला. आत तिघंही छोट्या पोरांच्या बाकांवर गुडघे वर काढून, समोर नजर लावून बसले होते.

"भाऊ," ड्रायव्हर मान वळवून म्हणाला, "तुमच्या मॅनेजरचं घर कुठल्या बाजूला?"

फोरमनने मागे वळून आपल्या घराच्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग पायरीवर पाय ठेवला.

"पुढच्या चौकातून डावीकडे घे," तो म्हणाला आणि आत येऊन बायकोशेजारी बसला.